दोघांचा दिवस आणि आपले वाङ्मय

दिवाळीच्या सुमारास आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. घरात चिवड्याचा डबा अजून अर्धा भरलेला असतो आणि वावरात बोंडे फुटून पांढरी झालेली असतात. या दिवसांत पहाटे एखाद्या खेड्यातून चालत जावे. अंगणात सडा पडलेला असतो, चुलीतून पऱ्हाटीचा धूर निघत असतो, बाई भाकरी थापीत असते आणि तिचा नवरा गोठ्यात बैलांपुढे कडबा टाकीत असतो. दोघांत फारसे बोलणे होत नाही. झालेच तर ते असे : “धुऱ्याकडल्या ओयी आज होतीन काय?” “बाया पाच आल्या त होतीन.” मग ती फडक्यात भाकर, चून आणि मिरचीचा ठेसा बांधते आणि दोघे वाटेला लागतात. दिवसभर ती ओटीत कापूस वेचते. तो गाठोडी बांधतो, बंडीत टाकतो, संध्याकाळी काटा धरतो. बायांना किलोच्या हिशेबाने मजुरी दिली जाते. तिची स्वतःची मजुरी अर्थातच कुणी मोजीत नाही, कारण वावर घरचे असते. परतल्यावर तो हातपाय धुऊन ओट्यावर बसतो आणि ती पुन्हा चुलीपुढे जाते. निजताना आणखी दोनचार वाक्ये होतात. पोराची फी, सोसायटीचे कर्ज, गाभण गाय. दिवस संपतो.

मी आयुष्यभर हे पाहात आलो आहे, आणि जवळजवळ तितकाच काळ मराठी पुस्तके वाचीत आलो आहे. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ क्वचितच पडली, ही माझी तक्रार आहे. दिवाळी अंकात तक्रार कशाला, असे कुणी म्हणेल. पण फराळाबरोबर वाचायला बसलेल्या वाचकालाच ती सांगावी असे मला वाटते. कारण हा विषय त्याच्या घरातलाच आहे.

आपल्या कथाकादंबऱ्यांत स्त्रीपुरुष भेटतात, प्रेमात पडतात, पुष्कळदा बागेत किंवा कॉलेजात. त्यानंतर एकदम ते भांडताना दिसतात, किंवा वेगळे होताना, किंवा त्यांपैकी एक मरणशय्येवर. मधली वीसतीस वर्षे, जी दोघांनी एका छपराखाली राबून काढलेली असतात, ती लेखकाने ‘यथावकाश’ या शब्दात उरकलेली असतात. माणसाचे खरे आयुष्य मात्र त्या यथावकाशातच जाते. कोण आधी उठते, कोण कुणाच्या ताटात आधी वाढते, पैसा कुणाच्या हातात राहतो, दमून आल्यावर कुणाला बसायला मिळते, या चार गोष्टी कळल्या की त्या घराबद्दल आणखी फारसे विचारावे लागत नाही. त्या चार गोष्टी सांगणे आपल्या ललित लेखकांना फार काळ कमीपणाचे वाटत आले.

त्या सांगितल्या बायकांनी, आणि कादंबरी म्हणून नव्हे तर आठवणी म्हणून. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. ते भक्तीने लिहिलेले पुस्तक आहे, हे कुणीही पहिल्या पानावर ओळखील. न्यायमूर्ती त्यात देवाच्या जागी आहेत. पण गंमत अशी की, देवाचा दिनक्रम लिहायला घेतला की त्यात माणूस आपोआप येतो. दिवसभर न्यायालयाचे काम करून आलेला नवरा आपल्या लहानग्या बायकोला शिकवायला बसतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याच शिकण्यावरून तिला दिवसभर टोचून बोलतात. ती दोन्हीकडचे सोसते आणि कुठली गोष्ट त्याला सांगायची व कुठली नाही याचा रोज नव्याने निर्णय करते. आंब्याच्या मोजक्या फोडी खाऊन हात आवरता घेणारे रानडे आपल्याला शाळेच्या पुस्तकात संयमाचा धडा म्हणून भेटले. मूळ पुस्तकात मात्र ती बशी हौसेने समोर ठेवणारी बायकोही आहे, आणि मला तिचे मन जास्त जाणवते. रमाबाई तक्रार करीत नाहीत. तरी त्यांच्या पुस्तकातून त्या काळच्या सुशिक्षित घराचा दिवस जसा दिसतो तसा तेव्हाच्या कादंबऱ्यांतून फार थोडा दिसतो.

लक्ष्मीबाई टिळकांनी तर या प्रकाराला हसायला शिकवले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने बाहेर आली. नारायण वामन टिळक हे कवी, धर्मप्रचारक, मोठ्या मनाचा माणूस. आणि घरात अत्यंत बेभरवशाचा. पैसा हातात राहात नसे, घरातली वस्तू केव्हा कुणाला दिली जाईल याचा नेम नसे, राग आला की ते घराबाहेर पडत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढली काही वर्षे नवराबायको दूर राहिली. अशा नवऱ्याविषयी लिहिताना कुणीही दोनपैकी एका टोकाला गेले असते, आरती किंवा आरोप. लक्ष्मीबाई रोजचा व्यवहार लिहितात. स्वयंपाकघरात काय होते, काय संपले होते, पाहुणे किती आले, टिळक काय म्हणाले, मी काय म्हटले. वाचता वाचता लक्षात येते की या बाईचे तिच्या नवऱ्यावर फार प्रेम होते आणि तिला तो पुरता समजला होता. या दोन गोष्टी एकत्र असलेले दांपत्य मराठी कादंबरीत मला आजवर फार थोड्यांदा भेटले.

पुढचे थोडक्यात सांगतो. सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले आणि घरोघरी त्यावर वाद झाले. पु. ल. देशपांडे हे साऱ्या महाराष्ट्राचे लाडके. त्यांच्या घराचा हिशेब बायकोने असा चारचौघांत मांडावा काय, असे पुष्कळांना वाटले. मला त्या पुस्तकातला काटेकोरपणा कधी कधी टोचतो, हे कबूल करतो. पण हिशेब मांडणारीने स्वतःकडचेही देणे त्यात लिहिले आहे, हे वाद घालणारे विसरले. नारायण सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मास्तरांची सावली’ असे नाव दिले. गिरणीत, मग शाळेत शिपाई म्हणून आणि मग शिक्षक म्हणून काम करणाऱ्या कवीची बायको स्वतःला सावली म्हणते, यात नम्रता आहे. पण उन्हातान्हात माणसाबरोबर दिवसभर राबणारी तीच एक असते, असाही त्याचा अर्थ मी घेतो. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ सालचे. फलटणला नवराबायकोचे छोटेसे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली, आणि पुढे जे लिहिले ते त्यांनी कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. एकाच दुकानात दोघे दिवसभर बसलेली, गिऱ्हाईक आले की दोघांनी मिळून पाहायचे, आणि त्यातल्या एकीजवळ एक वही आहे जी दुसऱ्याला ठाऊक नाही! कुठल्याही कादंबरीकाराला असा प्रसंग सुचला असता तर तो धन्य झाला असता.

एवढे सारे खरे असूनही माझी पहाटेची बाई यांपैकी कुठल्याच पुस्तकात नाही. तिने आठवणी लिहिलेल्या नाहीत. तिचा नवरा कुणी नामांकित नाही, त्यामुळे त्या कुणी मागितल्याही नाहीत.

ती ज्या एका कादंबरीत मला भेटते तिचे नाव ‘धग’. उद्धव ज. शेळके यांची ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. ती आमच्या जिल्ह्यातली नाही, शेजारच्या अमरावतीकडली आहे. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीला जिल्ह्याच्या हद्दी कुठल्या? कौतिक आणि महादेव हे जोडपे. महादेव जातीने आणि धंद्याने शिंपी. स्वभावाने ढिला, कष्टाला पाठ देणारा. कौतिक मानी आणि चिवट. घर तिच्या मजुरीवर चालते. पुढे महादेवाला महारोग होतो. पोरगा शिकावा हा तिचा ध्यास. कथानक म्हणून सांगितले तर ही दुःखाची एक लांबलचक यादी होईल, आणि कादंबरीवर तसे आक्षेप घेता येतीलही. मग ती मनातून का जात नाही?

माझे उत्तर असे की शेळक्यांनी दुःख सांगितले नाही, त्यांनी दिवस सांगितला. कौतिकला आज कुणाच्या वावरात निंदण मिळाले, उद्या मिळणार की नाही, रात्री पीठ किती उरले, पोरांच्या पानात काय पडले, आणि महादेव काय बोलला व ती ते ऐकून गप्प बसली की तडकली. अशा शेकडो लहान गोष्टींतून त्या दोघांचे नाते आपल्या हाताला लागते. महादेव हा खलपुरुष होऊ शकला असता. दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्याला दारूच्या गुत्त्यावर बसवून मोकळे केले असते. शेळके त्याला त्याच घरात, त्याच अर्ध्या भाकरीपुढे बसवतात, आणि कौतिक त्याच्यावर चिडत असतानाही आधी त्याला वाढते. ही वाढण्याची सवय की माया, हे लेखक सांगत नाही. तिलाही ते ठाऊक नसावे. संसारातल्या बऱ्याच गोष्टी अशाच असतात.

आणि भाषा. ‘धग’मधली माणसे वऱ्हाडी बोलतात. या बोलीचा आपल्या लेखनात पुष्कळदा विनोदासाठी उपयोग झाला. बोलले की हसायचे, असा तो प्रकार. कौतिक बोलते तेव्हा हसू येत नाही. नवराबायको घरात ज्या भाषेत बोलतात ती लेखकाला येत नसेल तर त्याने त्यांच्या घरात शिरू नये, असे माझे मत त्या कादंबरीने पक्के केले.

बहिणाबाई चौधरींचे नाव येथे यायलाच हवे, जरी त्या खानदेशातल्या. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. जात्यावर बसून, वावरात काम करताना रचलेली ही गाणी. घर आणि शेत या दोन वेगळ्या जागा आहेत असे त्यांत कुठेच वाटत नाही, आणि तसे वाटणे हे मुळात नोकरदाराच्या डोक्यातले आहे. सकाळी दहाला कचेरीत जाणाऱ्याचे काम वेगळे आणि घर वेगळे. वावरातल्या जोडप्याचे भांडणसुद्धा कामाच्याच पोटी होते आणि समेटही काम करतानाच होतो. जात्यावरच्या ओव्यांतही हेच. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत भाऊ आहे, आई आहे, लेक आहे, आणि भ्रतारही आहे. तेवढ्या ओव्यांतले भ्रतार कुणी एकत्र वाचून काढले तर एक उत्तम प्रबंध होईल. विद्यापीठातल्या मुलांना विषय सापडत नाहीत असे ऐकतो, म्हणून सुचवतो.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले तिकडे येतो. गेल्या काही दशकांत यवतमाळ जिल्हा वर्तमानपत्रांत आला तो मरणामुळे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायकोमुलांसह आपले आयुष्य संपवले. तेव्हापासून आजवर किती घरांतला माणूस गेला याचे आकडे सरकार काढते, त्यावर भांडणे होतात. या विषयावर कथा आल्या, कविता आल्या, कादंबऱ्या आल्या. त्या लिहिणाऱ्यांच्या कळवळ्याविषयी मला शंका नाही. पण त्यांतल्या पुष्कळ मी वाचल्या आणि एका गोष्टीने अस्वस्थ झालो. त्या मरणापासून सुरू होतात. पहिल्या पानावर झाड किंवा डबा, दुसऱ्या पानावर सावकार, तिसऱ्यावर पुढारी, आणि शेवटी कुंकू पुसलेली बाई. ती बाई कथेत येते तीच विधवा म्हणून. कालपर्यंत ती त्या माणसाबरोबर वेचणीला जात होती, डवरणीच्या वेळी बैलांना पाणी दाखवीत होती, बियाण्याच्या पिशवीवर काय छापले आहे ते पोराकडून वाचून घेत होती, रात्री त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावीत होती, हे कथेला ठाऊकच नसते. त्यामुळे मेलेला माणूस हा कुणाचा तरी नवरा होता हे वाचकाच्या मनात ठसत नाही. तो शेतकरी राहतो, म्हणजे एक आकडा.

हा केवळ कलेचा दोष आहे असे मला वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो माणसे दवाखान्यात गेली आणि वीसच्या आसपास दगावली. मग चौकशा झाल्या, बातम्या झाल्या. पण फवारणी हा या घरांतला वर्षानुवर्षांचा रोजचा व्यवहार होता. पाणी आणून देणारी बहुधा बायको असते, संध्याकाळी ते औषधात भिजलेले कपडे धुणारीही तीच, आणि नवऱ्याची पाठ भिजू नये म्हणून काही आडोसा बांधून देणारी असली तर तीच. तो घरी येऊन डोके दुखते म्हणतो, ती चहा करते, आणि दोघांनाही वाटते की दिवसभर उन्हात होते म्हणून झाले असेल. हा एक साधा संध्याकाळचा प्रसंग कुणी दहा वर्षे आधी नीट लिहिला असता तर ती माणसे वाचली असती असे मी म्हणत नाही. वाङ्मयाच्या अंगी एवढे बळ नसते. पण निदान ‘हे कसे झाले?’ असा आश्चर्याचा प्रश्न आपण वाचणाऱ्यांनी विचारला नसता.

याला एक अपवाद मी पाहिला तो पुस्तकात नाही, रंगमंचावर. ‘तेरवं’ हे श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले नाटक. त्यात भूमिका करणाऱ्या स्त्रिया शेतकऱ्यांच्या घरातल्या, ज्यांचे नवरे किंवा वडील असे गेले त्या. नाव तेराव्या दिवसाचे आहे, तेव्हा हेही मरणापासून सुरू होणारेच म्हणा. तरी फरक पडतो. अभिनय न शिकलेली बाई रंगमंचावर उभी राहते आणि तिचे हात जे करतात ते हात रोज करीत आलेले असतात. पदर खोचण्याची, वाकण्याची, ओझे उचलण्याची एक रीत असते. ती नटीला महिनाभर शिकवून येत नाही. त्या हातांकडे पाहिले की तिच्याबरोबर राबलेल्या त्या गैरहजर माणसाची उंचीसुद्धा कळते, कारण ओझ्याचे दुसरे टोक कुठवर येत असे ते तिच्या वाकण्यात राहिलेले असते. नाट्यदृष्ट्या या प्रयोगात सैल जागा आहेत, आणि भाषणासारखी वाक्येही आहेत. मला ती खटकली. पण उठून जावेसे वाटले नाही.

त्याच नाटकात काम करणाऱ्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. नयनतारा सहगल यांना आधी दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठे रण माजले होते, आणि तो प्रकार लाजिरवाणाच होता. त्या गोंधळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. यवतमाळला याआधी १९७३ साली संमेलन झाले तेव्हा ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. तिथपासून इथपर्यंत या जिल्ह्यातली वावरात राबणारी बाई संमेलनाच्या मंचावर आली, ती बोलली, टाळ्या झाल्या. पुस्तकांच्या दुकानांत मात्र तिच्या रोजच्या जगण्याचे पुस्तक त्या तीन दिवसांत मला मिळाले नाही. मी विचारले. विक्रेत्याने मला शेतकरी आत्महत्यांवरचे चार ग्रंथ काढून दाखवले.

मला जी कादंबरी वाचायची आहे तिच्यात कुणी मेले नाही तरी चालेल. मृगाच्या पेरणीला ती सुरू व्हावी. बियाणे कुठले घ्यायचे यावर दोघांचे एकमत नाही. शेवटी त्याचे खरे होते, आणि ते चुकले की ती ‘मी म्हटलं होतं’ असे म्हणते किंवा म्हणत नाही. यांतले काय होते ते मला कळले पाहिजे. पोळ्याला बैल सजवताना तो पोरासारखा होतो आणि ती दारात उभी राहून त्याच्याकडे पाहते. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो, त्याच्या ढिगावर पोरे लोळतात. भाव पडलेला असतो म्हणून तो विकायचा की ठेवायचा यावर रात्री दिवा मालवल्यावर बोलणे होते. तिच्या नावे बचतगटाचे थोडे पैसे आहेत, ते त्याला ठाऊक आहे, आणि तो मागत नाही. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटून ती सरपणासाठी घराच्या बाजूला रचून ठेवतात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत चूल पेटेल. एवढेच. हे लिहायला ‘धग’च्या तोलाचा लेखक हवा, आणि लेखिका मिळाली तर उत्तमच, कारण त्या घरांतल्या मुली आता शिकून शिक्षिका झाल्या आहेत, परिचारिका झाल्या आहेत, आणि आईवडिलांच्या त्या पहाटेच्या चार वाक्यांचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

हा लेख लिहीत असताना माझ्या टेबलावर तीन वेळा चहा आला. तिसऱ्या कपाच्या वेळी हिने माझ्या खांद्यावरून दोन ओळी वाचल्या आणि विचारले, “आपल्या घरचंही लिहिलंय की फक्त लोकांच्याच घरचं?” मी म्हटले, समीक्षेत स्वतःचे घर आणायचे नसते. “बरं,” ती म्हणाली, “मग लिहून झालं की दळण आणा. गिरणी आठला बंद होते.” घड्याळात साडेसात झाले आहेत, तेव्हा येथेच थांबतो.